डॉक्टरांच्या नावापुढचे डॉलर

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या, कराडच्या निवृत्त शिक्षिका. गेली आठ वर्षं आमच्याकडेच असतात, ग्रीन कार्ड आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) दोन्ही आहे. दमा जुनाच, पण गेल्या वर्षभरात तीनदा प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला आणि एकदा रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं. त्यांचे फुप्फुसांचे डॉक्टर मराठी आहेत, एमबीबीएस महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून झालेले. मंडळाच्या गणपतीत भेटतात, आईंशी मराठीत गप्पा मारतात, आईंचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे. त्यांनी आता महिन्यातून एकदा घ्यायचं महागडं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून तयार केलेल्या औषधाचं) इंजेक्शन सुचवलंय. माझ्या नवऱ्याने सरकारी नोंदीत त्यांचं नाव शोधलं, तर एका वर्षात जवळजवळ २ लाख १९ हजार डॉलर! त्यात संशोधनाचे १ लाख ८६ हजार, व्याख्यानांचे २८,४००, प्रवासाचे ३,९०० आणि जेवणाचे साधारण ६००. व्याख्यानांचे आणि प्रवासाचे पैसे याच इंजेक्शनच्या कंपनीचे आहेत. नवरा म्हणतो, ‘ही तर कट प्रॅक्टिसच, फक्त डॉलरमधली.’ मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला निघाला आहे. पुण्याचे दीर म्हणतात, आईला इकडेच घेऊन या. आईंना यातलं काहीच माहीत नाही. ‘इन्शुरन्सचं चाललंय’ असं सांगून आम्ही पहिलं इंजेक्शन तीन आठवडे लांबवलंय. डॉक्टर बदलावा का? आणि विचारायचं तर कसं?
— एक सून, टेक्सास

उत्तर:

नमस्कार. आधी व्हॉट्सअॅपचं बोलू. ते अजिबात नको. नोंद सार्वजनिक आहे, कोणीही पाहू शकतं, हे खरं. पण नोंद पाहणं वेगळं आणि ‘बघा आपल्या डॉक्टरसाहेबांचे उद्योग’ असं लिहून ती तीनशे माणसांच्या ग्रुपवर सोडणं वेगळं. त्या ग्रुपवर तो आकडा वाचायला कोणी थांबणार नाही, आणि उद्या तुमच्या यजमानांना कळलं की यातला मोठा भाग डॉक्टरांच्या खिशात गेलेलाच नाही, तर ते शब्द परत घेता येणार नाहीत. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून मला तशीच दाट शक्यता दिसते.

‘ओपन पेमेंट्स’ नावाची ती नोंद म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यात एक कलम घातलं गेलं. चक ग्रासली आणि हर्ब कोल या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी २००७ पासून त्याचा पाठपुरावा केला होता. या कलमानुसार औषधं आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या पैशाचा, जेवणाचा, प्रवासाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. ऑगस्ट २०१३ पासूनची माहिती गोळा होऊ लागली आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. आता दर वर्षी जूनच्या अखेरीस आदल्या वर्षाचे आकडे येतात. म्हणजे तुम्ही पाहिलेला आकडा जुना आहे. या महिन्यात डॉक्टर कोणाचं जेवण जेवले ते पुढच्या वर्षी कळेल. नोंदी भरतात कंपन्या. डॉक्टरला त्या तपासून आक्षेप घ्यायला ४५ दिवस मिळतात, पण कामाच्या धबडग्यात किती जण ते करत असतील याबद्दल मला शंका आहे. म्हणून नाव, शहर आणि विशेषज्ञता तिन्ही जुळतात का, हे पहिल्यांदा पाहा. आपल्याकडच्या आडनावांची किती माणसं अमेरिकेत डॉक्टर आहेत ते तुम्हाला माहीत आहेच.

आता तुमच्या २ लाख १९ हजारांची फोड करू.

सगळ्यात मोठी रक्कम, १ लाख ८६ हजार, संशोधनाची आहे. औषधाच्या चाचणीसाठी कंपनी हॉस्पिटलला किंवा संशोधन संस्थेला पैसे देते. त्यातून नर्सचे पगार, तपासण्या, कागदपत्रं, रुग्णांचा येण्याजाण्याचा खर्च असं सगळं निघतं. पण चाचणीचे प्रमुख म्हणून डॉक्टरचं नाव त्या रकमेला जोडलं जातं. नोंदीत ‘पैसे कोणाला दिले’ हा रकाना उघडून पाहा. तिथे संस्थेचं नाव असेल तर ही रक्कम बाजूला ठेवा. उलट, चाचण्या चालवणाऱ्या डॉक्टरकडे नव्या औषधाचा प्रत्यक्ष अनुभव जास्त असतो. तुम्ही लिहिता की व्याख्यानांचे पैसे इंजेक्शनच्या कंपनीचे आहेत. संशोधनाचे पैसे कोणाचे, ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या कंपनीचे असतील तर आकड्यांकडे पाहून तुमच्या घरात जो धक्का बसला तो बराचसा चुकीच्या रकमेवर बसला.

तरीही मी डॉक्टरांना लगेच निर्दोष ठरवत नाही. कारण मला खटकते ती मधली रक्कम. २८,४०० डॉलर, व्याख्यानांचे.

ही व्याख्यानं म्हणजे कॉलेजातली लेक्चरं नव्हेत. संध्याकाळी एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दहा-पंधरा डॉक्टर जमतात, कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) सगळ्यांचं स्वागत करतो, आणि तुमच्या डॉक्टरांसारखा एखादा विशेषज्ञ कंपनीनेच तयार केलेल्या स्लाइड दाखवून त्या औषधाबद्दल बोलतो. मानधन वेगळं, प्रवास-हॉटेल वेगळं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये याच प्रकाराबद्दल खास इशारा काढला होता. आधीच्या तीन वर्षांत कंपन्यांनी अशा बोलण्यापोटी जवळजवळ २ अब्ज डॉलर मोजल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि या कार्यक्रमांतून शिकण्यासारखं खरोखर किती असतं याबद्दल उघड शंका घेतली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नोव्हार्टिस कंपनीने हृदयविकार आणि मधुमेहाच्या औषधांच्या अशाच कार्यक्रमांबद्दलचा खटला ६७.८ कोटी डॉलर देऊन मिटवला. न्यू जर्सी राज्याने तर २०१८ पासून डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून अशी व्याख्यानं, सल्ला वगैरेंपोटी वर्षाला सगळे मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त घेण्यावर बंधन आणलं. तुमचे डॉक्टर तिथे असते तर हा आकडा असा दिसला नसता. बहुतेक राज्यांत मात्र अशी मर्यादा नाही.

मग डॉक्टर विकले गेलेत का? या प्रश्नाला नोंदीतून उत्तर मिळत नाही, आणि कोणी मिळतं म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. कंपनी व्याख्यानाला बोलावते ती ते औषध आधीपासून वापरणाऱ्या, गंभीर दम्याचे रुग्ण भरपूर पाहणाऱ्या डॉक्टरलाच. म्हणजे औषध आवडतं म्हणून बोलावणं आलं, की बोलावणं आलं म्हणून औषध आवडू लागलं, हे बाहेरून कळत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं असू शकतं. जेवणाच्या ६०० डॉलरवर तुमचे यजमान हसले असतील, पण २०१६ साली अमेरिकेतल्या सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की कंपनीचं एक जेवण, तेही सरासरी २० डॉलरच्या आतलं, घेतलेले डॉक्टर त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त लिहून देत होते. जेवणामुळेच लिहून दिलं हे त्यातून सिद्ध होत नाही, हेही तेवढंच खरं. मला यातून एवढंच कळतं की ‘माझ्यावर जेवणाचा परिणाम होत नाही’ असं ठामपणे म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा ‘होत असेल, म्हणून मी काळजी घेतो’ म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणि हे एकट्या तुमच्या डॉक्टरांचं नाही. २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत अमेरिकेतल्या पात्र डॉक्टरांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के डॉक्टरांना कंपन्यांकडून काही ना काही मिळालं होतं. डॉक्टर बदलून तुम्ही दुसऱ्याकडे गेलात तर त्यांचंही नाव तिथे असण्याचीच शक्यता जास्त.

एक गोष्ट त्या नोंदीत अजिबात दिसत नाही, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत ती व्याख्यानांइतकीच महत्त्वाची आहे. हे इंजेक्शन डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये देणार असतील तर क्लिनिक ते आधी विकत घेतं, रुग्णाला टोचतं आणि मग मेडिकेअरकडे बिल पाठवतं. मेडिकेअर औषधाच्या सरासरी विक्री किमतीवर ६ टक्के वर देतं. सरकारी कपातीनंतर हातात थोडे कमी पडतात, पण तत्त्व तेच. औषधाची सरासरी किंमत समजा ४,००० डॉलर असेल, तर प्रत्येक इंजेक्शनमागे कपातीआधीच्या हिशेबाने क्लिनिकला २४० डॉलर वर मिळतात, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. औषध जितकं महाग तितका हा वाटा मोठा. हे कायदेशीर आहे, यात लाचलुचपत काही नाही, औषध साठवायला आणि नर्स ठेवायला खर्चही येतो. पण कंपनीकडून शून्य डॉलर घेतलेल्या डॉक्टरच्या क्लिनिकलाही हा वाटा मिळतोच. त्यामुळे ‘ज्याच्या नावापुढे काही नाही तो डॉक्टर शोधू’ हा विचार सोडा. डॉक्टर हॉस्पिटलच्या पगारावर असतील तर हा हिशेब वेगळा, क्लिनिक त्यांच्या मालकीचं असेल तर वेगळा. हे एक साधा प्रश्न विचारून कळतं.

शिक्षणाचंही लगे हाथ पाहून घ्या, कारण तुम्ही पत्रात फक्त एमबीबीएसचं कॉलेज लिहिलंत आणि या घडीला ती सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या डॉक्टरला तिकडे परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, मग तीन वर्षं इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, त्यापुढे फुप्फुस आणि अतिदक्षता या विषयाची साधारण तीन वर्षांची फेलोशिप. त्यानंतर अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची परीक्षा. ‘पल्मोनरी डिसीज’मधलं त्यांचं प्रमाणपत्र आजही चालू आहे का, ते त्या बोर्डाकडे नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. टेक्सास मेडिकल बोर्डाकडे परवाना आणि शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास तीही दिसते. एवढं पाहिलंत की पुरे. त्यापलीकडे रुग्णांनी ऑनलाइन दिलेल्या चांदण्या मोजत बसू नका. पार्किंग मिळालं नाही म्हणून एक चांदणी देणारे लोक आहेत.

आता इंजेक्शनकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. त्याचं नाव मी इथून मुद्दाम काढलं आहे.

गंभीर दम्यासाठी अमेरिकेत आज अशी सहा-सात बायोलॉजिक औषधं आहेत. पहिलं २००३ मध्ये आलं, मग २०१५ पासून एकामागून एक. कुणी अॅलर्जीत वाढणाऱ्या आयजीई या रक्तातल्या प्रथिनाला अडवतं, कुणी इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना, कुणी त्याच्याही वरच्या पायरीला. रुग्ण बरोबर निवडला तर ही औषधं खरोखर गुणकारी आहेत; झटके कमी होतात, स्टेरॉइडच्या गोळ्या सुटतात. पण दम्यात यातलं कोणतं दुसऱ्यापेक्षा सरस हे एकमेकांसमोर ठेवून ठरवणाऱ्या मोठ्या चाचण्या जवळपास नाहीत. बऱ्याच रुग्णांना दोन-तीन औषधं सारखीच चालू शकतात, आणि मग डॉक्टरला जे सवयीचं, जे ओळखीचं, ज्याच्या स्लाइड तोंडपाठ आहेत, तेच लिहून दिलं जातं. व्याख्यानाच्या पैशाचा प्रभाव पडत असलाच तर तो इथे पडतो. म्हणून ‘इंजेक्शन हवं की नको’ आणि ‘हेच इंजेक्शन का’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. तुमच्या घरात दोन्हीची सरमिसळ झाली आहे.

पहिल्या प्रश्नाबाबत माझा कल डॉक्टरांच्या बाजूने आहे. वर्षात तीनदा प्रेडनिसोन आणि एकदा इमर्जन्सी ही साधी गोष्ट नाही. त्या गोळ्या स्वस्त असतात म्हणून निरुपद्रवी वाटतात, पण ६९ व्या वर्षी हाडं, साखर, डोळे, सगळ्यांवर त्यांचा हिशेब चढत जातो. तुम्ही डॉक्टरांवर संशय घेऊन तीन आठवडे काढलेत. त्या संशयाची किंमत मोजायची वेळ आली तर ती सासूबाई मोजतील, तुम्ही नाही. रागावू नका, पण हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्याआधी घरातच एक गोष्ट तपासा. सासूबाईंचा पंप हातात घ्या आणि त्याच्या मागचा आकडा पाहा. महिन्याभरात जेवढे डोस संपायला हवेत तेवढे संपलेत का? आपल्याकडच्या पिढीत ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत खोल बसलेली आहे, आणि सुनेच्या घरात खर्च नको म्हणून ‘आज बरं वाटतंय’ असं म्हणत एक दिवसाआड घेणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना तुमच्यासमोर पंप ओढायला सांगा. श्वास आणि दाबणं जुळत नसेल, औषध घशातच अडकत असेल, तर महिन्याला हजारो डॉलरचं इंजेक्शन त्या चुकीवर पांघरूण घालत राहील. चांगला डॉक्टर हे इंजेक्शनच्या आधीच पाहतो. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं का, हे सासूबाईंनाच विचारा. ते पैशाच्या सगळ्या नोंदींपेक्षा जास्त सांगून जाईल.

दुसरं, आपल्या मातीशी जोडलेलं. रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतील तर त्याचं कारण नेहमी दमाच असतं असं नाही. शेतात, अंगणात अनवाणी फिरलेल्या माणसाच्या शरीरात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं, कधी कधी देश सोडून दशकं झाली तरी गुपचूप राहतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तो उसळून जिवावर बेतू शकतो, आणि यातल्या अनेक इंजेक्शनांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की आधी जंतांचा संसर्ग असेल तर त्यावर उपचार करून मगच सुरू करा. त्यासाठी रक्ताची साधी चाचणी असते. तसंच अॅस्परजिलस बुरशीची अॅलर्जी; भारतातल्या दम्याच्या रुग्णांत ती दुर्मीळ नाही, आणि तिच्यावरचे उपचार थोडे वेगळे आहेत. महाराष्ट्रात शिकलेल्या डॉक्टरला हे शिकवलेलं असतं. ‘आपल्या माणसा’चा खरा उपयोग इथे व्हायला हवा. गणपतीच्या आरतीला शेजारी उभं राहण्यापेक्षा मला हा जास्त मोलाचा वाटतो.

आता विचारायचं कसं. मंडळात नाही, गाडीजवळ नाही, फोनवर नाही. वेळ घेऊन, तपासणीच्या खोलीत, सासूबाई समोर असताना. नवऱ्याला बरोबर न्या, पण बोलणं तुम्ही सुरू करा. ते सुरू करतील तर पहिल्याच वाक्यात आकडा येईल. सुरुवात आजारापासून: ‘डॉक्टर, आईंच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय पाहून तुम्ही हे औषध निवडलंत?’ चांगल्या उत्तरात त्यांचे स्वतःचे आकडे येतील: इओसिनोफिल किती, तेही स्टेरॉइड चालू नसताना मोजलेले, कारण प्रेडनिसोनने ते खाली जातात, आयजीई किती, श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजलं असेल तर किती. मग विचारा, ‘याऐवजी दुसरं कोणतं चाललं असतं, आणि ते का नको?’ एकाही पर्यायाचं नाव न घेता फक्त ‘हेच बेस्ट आहे’ एवढंच उत्तर आलं तर ते नोंदवून ठेवा. मग, ‘किती महिन्यांनी फरक दिसला नाही तर आपण थांबायचं?’ हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. इंजेक्शन सुरू झालं तरी पंप बंद करायचा नाही, हेही त्यांच्याच तोंडून सासूबाईंना ऐकू द्या.

यानंतर पैशाचं. आडून आडून नको, आणि हसण्यावारीही नको. ‘तुम्ही या कंपनीसाठी व्याख्यानं देता असं आम्ही सरकारी नोंदीत पाहिलं. आईंचं औषध त्याच कंपनीचं आहे, म्हणून विचारावंसं वाटलं.’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मराठी माणसाला ज्येष्ठ डॉक्टरला असं विचारणं जड जातं, मला कल्पना आहे. पण हा प्रश्न अमेरिकेत रुग्ण विचारतात, आणि डॉक्टरांना तो नवीन नसतो. जो शांतपणे सांगेल की ‘हो, देतो, अमुक चाचणीत होतो म्हणून बोलावतात, तुम्हाला दुसरं मत घ्यायचं असेल तर मी रिपोर्ट पाठवतो’, त्याच्याकडेच राहा, माझं मत विचाराल तर. जो चिडेल, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणत भावनेवर जाईल, किंवा आपण गावाकडचे म्हणून खांद्यावर हात ठेवेल, त्याच्याकडून मात्र निघा. तेही रुसून नाही. सगळे रिपोर्ट, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी), सीटी स्कॅन, औषधांची यादी मागून घेऊन. हा तुमचा हक्क आहे.

दुसरं मत घ्यायचंच ठरलं तर त्याच क्लिनिकमधल्या भागीदाराकडे नको. टेक्सास मेडिकल सेंटर ह्यूस्टनमध्येच आहे, तिथल्या एखाद्या विद्यापीठाच्या दम्याच्या विभागात वेळ घ्या. वेळ मिळायला उशीर लागतो. तोपर्यंत त्रास वाढला, बोलताना वाक्य पुरं होईना, पंपाने आराम पडेना, तर कुणाचं मत कुणाच्या बाजूने हे न पाहता थेट इमर्जन्सीत. आणि प्रेडनिसोन बरेच आठवडे चालू असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘इन्शुरन्सचं चाललंय’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. फुप्फुसं त्यांची आहेत. आयुष्यभर वर्गात मुलांना हिशेब शिकवलेल्या बाईला हा हिशेब कळणार नाही असं तुम्ही का धरून चाललात? त्यांना नोंद दाखवा, संशोधनाची आणि व्याख्यानांची रक्कम वेगळी करून दाखवा. त्या कदाचित म्हणतील, ‘असू दे, चांगला माणूस आहे.’ तोही निर्णय त्यांचाच.

पुण्याच्या दिरांना सांगा की तुमचा भाऊ एवढा चिडला तो डॉक्टरांच्या नावापुढे आकडा दिसला म्हणून. भारतात असा आकडा रुग्णाला पाहायला मिळत नाही. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी घेऊ नयेत असा नियम मेडिकल कौन्सिलने २००९ मध्येच केला. २२ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने अॅपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध विक्रीची नवी आचारसंहिताही काढली. पण डॉक्टरचं नाव टाकून कोणी किती दिले हे तपासता येईल असं सार्वजनिक दालन नाही. पुण्यात चांगले छातीचे डॉक्टर आहेत, स्वस्तही पडेल, सासूबाईंना कराड जवळ पडेल. या कारणांसाठी न्यायचं असेल तर जरूर न्या. तिथे गेलात की हा प्रश्न सुटेल, या समजुतीने नेऊ नका.

शेवटचं, पैशाचं. कोणतंही इंजेक्शन ठरलं तरी ते क्लिनिकमध्ये द्यायचं की घरी स्वतः टोचायचं, हे आधी विचारा. क्लिनिकमधलं मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये जातं, घरचं पार्ट डी मध्ये. पार्ट डी ला वर्षभरात खिशातून जाणाऱ्या रकमेवर २०२५ पासून मर्यादा आहे, तेव्हा ती २,००० डॉलर होती आणि दर वर्षी थोडी बदलते. पार्ट बी ला मात्र पूरक विमा नसेल तर २० टक्के तुमच्या अंगावर. एमआरने क्लिनिकमध्ये ठेवलेलं कंपनीचं सवलतीचं कार्ड कोणी हातात दिलं तर घेऊ नका, मेडिकेअरच्या रुग्णांना ते चालत नाही. आणि प्लॅन बदलायचा असेल तर त्याची दर वर्षीची मुख्य खिडकी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात उघडी असते.